इंग्रजी ग्रामर शिकवताना कॉम्प्युटर कुठे वापरायचा आणि कुठे बंद ठेवायचा

ग्रामर शिकवायला कुठलं ॲप चांगलं, हे शिक्षक एकमेकांना सारखं विचारतात आणि उत्तरात भराभर नावं येतात, पण त्याआधीचा प्रश्न बाजूलाच राहतो, की आपले विद्यार्थी नक्की कुठे अडतायत. टेन्समध्ये अडतायत एवढं म्हणून भागत नाही. टेन्समध्ये कुठे? प्रेझेंट परफेक्ट बनवता येत नाही, का बनवता येतं पण कधी वापरायचं ते कळत नाही, का लिहिताना जमतं आणि बोलताना निसटतं? या तीन वेगळ्या अडचणी आहेत आणि प्रत्येकीला वेगळं टूल लागतं. म्हणून आधी ग्रामरचा एकच मुद्दा पकडा, ॲप मागाहून. आणि एक गोष्ट मी अगदी ठामपणे सांगेन: वाक्यं शोधून आणायचं, सराव पुन्हा पुन्हा करून घ्यायचा, नोंद ठेवायची, ही कामं कॉम्प्युटरला द्या, पण नियम काय आहे हे विद्यार्थ्याच्या तोंडून आलं पाहिजे. ते काम मशीनने केलं तर विद्यार्थी नुसता बघत बसतो.

मुद्दा पकडायचा कसा, तर विद्यार्थ्यांच्याच लिखाणातून. त्यांनी टाइप केलेले निबंध, उत्तरं, मेसेज जे असेल ते गोळा करा, नावं काढून टाका (हे विसरू नका, पुढे ही फाईल कुठेकुठे फिरते सांगता येत नाही) आणि प्रत्येक लिखाण साध्या टेक्स्ट फाईलमध्ये सेव्ह करा. गूगल डॉक्समधून डाउनलोड करताना प्लेन टेक्स्ट असा पर्याय असतो तोच घ्यायचा. मग अँटकाँक नावाचं एक सॉफ्टवेअर आहे, जपानच्या वासेदा विद्यापीठातल्या लॉरेन्स अँथनी यांनी बनवलंय, फुकट आहे. त्यात या सगळ्या फाईल्स एकदम उघडा आणि सर्चमध्ये समजा सिन्स हा शब्द टाका. सगळ्या विद्यार्थ्यांनी जिथे जिथे सिन्स वापरला त्या सगळ्या ओळी एकाखाली एक येतात, मधे सिन्स आणि दोन्ही बाजूंना त्याच्या आधीचे नंतरचे शब्द. उजवीकडच्या शब्दांप्रमाणे सॉर्ट केलं की सिन्स थ्री इयर्स, सिन्स टू मंथ्स अशी वाक्यं एका ठिकाणी जमा होतात आणि चूक किती पसरलीय ते पाच मिनिटांत दिसतं. वह्या तपासताना हे असं कधी दिसत नाही, कारण तिथे एकेक वही वेगळी असते आणि तिसाव्या वहीपर्यंत पहिलीतलं विसरायला होतं. सॉफ्टवेअर टाकायचं नसेल तर सगळं एका डॉक्युमेंटमध्ये पेस्ट करून कंट्रोल एफ दाबा, निम्मं काम तरी होतंच.

आता समजा निघालं की आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स थ्री इयर्स ही चूक वर्गभर आहे. यात दोन चुका एकमेकींत गुंतल्यात, एक टेन्सची आणि एक सिन्स-फॉरची. इथे फळ्यावर नियम लिहून द्यायचा मोह होतो, आणि विद्यार्थ्यांनाही तेच हवं असतं, पण जरा थांबा.

बर्मिंगहॅम विद्यापीठात टिम जॉन्स नावाचे शिक्षक होते, त्यांनी १९९० च्या आसपास एक पद्धत रुजवली, तिला डेटा-ड्रिव्हन लर्निंग म्हणतात. विद्यार्थ्यापुढे खऱ्या भाषेतली भरपूर वाक्यं ठेवायची आणि पॅटर्न त्यालाच शोधायला लावायचा, शिक्षकाने शेजारी उभं राहून प्रश्न विचारायचे. त्याच सुमारास, १९९० मध्येच, भाषा कशी शिकली जाते याचे अभ्यासक रिचर्ड श्मिट यांनी मांडलं होतं की जी गोष्ट शिकणाऱ्याच्या लक्षातच आली नाही ती त्याच्या भाषेत उतरत नाही, आधी ती नजरेत भरावी लागते. दोन्ही गोष्टी एकमेकींना फार छान जुळतात. त्या काळी वाक्यांचे असे साठे, म्हणजे कॉर्पस, विद्यापीठांबाहेर मिळायचे नाहीत, आज कोणालाही मिळतात. ब्रिटिश नॅशनल कॉर्पसमध्ये १० कोटी शब्द आहेत. अमेरिकन इंग्रजीचा कोका नावाचा कॉर्पस मार्क डेव्हिस यांनी बनवला, त्यात १९९० ते २०१९ मधले १०० कोटींहून जास्त शब्द आहेत, बोलणं, कादंबऱ्या, मासिकं, वर्तमानपत्रं, अभ्यासाचे लेख, सिनेमा-टीव्हीचे संवाद असं सगळं वेगवेगळं काढून बघता येतं. नाव नोंदवलं की वापरता येतो, फक्त फुकटात रोज किती शोध घ्यायचे त्याला मर्यादा आहे. सर्चमध्ये हॅव कॅपिटल अक्षरांत टाकलं की हॅज, हॅड, हॅविंग अशी सगळी रूपं एकदम सापडतात, टेन्स शिकवणाऱ्याला ही सोय सोन्यासारखी आहे. पण पहिल्यांदाच हात घालत असाल तर स्केल (SkELL) नावाची वेबसाइट वापरा, स्केच इंजिन नावाचं कॉर्पस शोधायचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनीच ती खास भाषा शिकणाऱ्यांसाठी बनवलीय, लॉगिन लागत नाही, शब्द टाकला की त्यातल्या त्यात सोपी आणि पूर्ण वाक्यं मिळतात. ती मशीनने आपोआप निवडलेली असतात त्यामुळे वर्गात दाखवायच्या आधी एकदा स्वतः वाचून घ्या, कधीकधी नको ते वाक्यही येतं.

शोधलेलं सगळंच्या सगळं विद्यार्थ्यांपुढे टाकू नका. दहा-बारा ओळी निवडा. फार लांब, अनोळखी नावांनी भरलेली, अवघड शब्दांची वाक्यं काढून टाका, नाहीतर सगळी शक्ती शब्दार्थातच जाते. सुरुवातीला सरळ ओळी घ्या, शी हॅज वर्क्ड देअर सिन्स २००९, वी हॅव नोन ईच अदर फॉर इयर्स अशा. मग प्रश्न विचारा, पण छोटे आणि बोट ठेवून उत्तर देता येईल असे: सिन्सच्या लगेच नंतर काय आलंय ते सगळ्या ओळींमधून लिहून काढा, फॉरच्या नंतर काय आलंय ते शेजारी लिहा, दोन याद्यांमध्ये फरक काय दिसतो, क्रियापदाचं रूप कुठलं आहे, ती गोष्ट अजून चालू आहे का संपली. जोडीने करू द्या. मग प्रत्येक जोडीने आपला नियम आपल्या शब्दांत लिहायचा, मराठीत लिहिला तरी चालेल, अर्धामुर्धा लिहिला तरी चालेल.

आणि त्यानंतर तो नियम मोडतील अशा दोन ओळी द्या. ही लिव्ह्ड इन पॅरिस फॉर टू इयर्स अँड देन मूव्ड अवे. इथे फॉर आहे पण प्रेझेंट परफेक्ट नाही, मग फॉर दिसला की हॅव लावायचं हा नियम कोसळतो, आणि वर्गात जी चर्चा होते ती खरी ग्रामरची चर्चा असते, कारण आता मुलांना वेळेचा अर्थ बघावाच लागतो, नुसता शब्द बघून चालत नाही. दुसरी ओळ, सिन्स यू आर हिअर, सिट डाऊन. इथे सिन्सचा वेळेशी संबंधच नाही. या दोन ओळींसाठी निम्मा तास गेला तरी जाऊ द्या, पुस्तकातला चौकटीतला नियम पाठ करून जे होत नाही ते इथे होतं. जस्ट, ऑलरेडी, येट या शब्दांच्या बाबतीतही कॉर्पस फार मदत करतो बरं का. अमेरिकन इंग्रजीत डिड यू ईट येट असं सिम्पल पास्टमध्ये सर्रास बोलतात, ब्रिटिश पद्धतीत हॅव यू ईटन येट. पुस्तक एक सांगतं आणि मुलं सिरीजमध्ये दुसरं ऐकतात, तेव्हा चूक म्हणून लाल रेघ मारण्याआधी दोन्ही कॉर्पस उघडून मुलांनाच तुलना करायला लावा.

नियम उमगला की सराव. गूगल फॉर्म्समध्ये सेटिंगमधून फॉर्मला क्विझ करता येतं, उत्तरं भरून ठेवता येतात आणि चुकीच्या उत्तराला काय मेसेज दाखवायचा तेही लिहिता येतं, तो मेसेज रिकामा सोडू नका. तिथे बरोबर उत्तर देऊन टाकण्यापेक्षा प्रश्न लिहा, ही व्यक्ती अजून तिथेच राहते का ते वाक्यात परत बघ, असं काहीतरी. उत्तराप्रमाणे वेगळ्या सेक्शनला पाठवायची सोय पण आहे, म्हणजे चुकलेला विद्यार्थी आणखी दोन उदाहरणं बघून पुढे जातो आणि बरोबर असलेला थेट पुढे. टाइप करायच्या उत्तरांत मात्र एक कटकट आहे, हॅजन्ट आणि हॅज नॉट दोन्ही उत्तरं स्वीकारायला लावा, आणि ॲपॉस्ट्रॉफीची दोन रूपं असतात, एक सरळ आणि एक वळलेली, मोबाईलचे काही कीबोर्ड वळलेली टाकतात, मग पूर्ण बरोबर उत्तर चूक ठरतं आणि विद्यार्थी आपल्या ग्रामरवर शंका घेत बसतो. तिन्ही रूपं उत्तरांत भरून ठेवा.

एचफाइव्हपी (H5P) हे ऑनलाइन व्यायाम बनवायचं टूलही चांगलं आहे, मूडल या ऑनलाइन वर्गाच्या सॉफ्टवेअरवर चालतं. गाळलेल्या जागा करताना वाक्य टाइप करायचं आणि उत्तराच्या शब्दाच्या दोन्ही बाजूंना * टाकायचा, दुसरं उत्तर चालत असेल तर मधे / आणि हिंट द्यायची असेल तर : टाकून पुढे लिहायची, बस. शब्दांचा क्रम लावायचे व्यायाम हवे असतील तर कॅनडाच्या व्हिक्टोरिया विद्यापीठातलं हॉट पोटॅटोज जुनं असलं तरी कामाचं आहे, त्यात एका वाक्याचे अनेक बरोबर क्रम भरता येतात, आणि ते भराच, कारण यस्टरडे वाक्याच्या सुरुवातीलाही येतो आणि शेवटीही.

टूल कुठलंही घ्या, प्रश्न कसा लिहिलाय त्यावर सगळं अवलंबून असतं. एकटं वाक्य देऊन जागा गाळू नका. शी गाळलेली जागा हिअर फॉर फाइव्ह इयर्स, इथे लिव्ह्ड पण बरोबर आणि हॅज लिव्ह्ड पण बरोबर, कारण ती अजून इथे आहे का नाही हे वाक्यात कुठेच सांगितलेलं नाही. पुढे अजून एक वाक्य जोडा, अँड शी डझन्ट वाँट टू लीव्ह, की मग उत्तर एकच उरतं आणि विद्यार्थ्याला दोन्ही वाक्यं वाचावी लागतात. चुकीचे पर्यायही मनाने रचू नका, मुलांच्या फाईल्समध्ये सापडलेल्या चुकाच पर्याय म्हणून वापरा, त्या त्यांना खऱ्या वाटतात. वर्गात चुरस हवी असेल तर कहूट हा क्विझचा खेळ आहे, पण तिथे पटकन उत्तर दिलं की जास्त पॉइंट मिळतात, म्हणून अर्थ बघून टेन्स ठरवायचे प्रश्न तिथे घालू नका, गो-वेन्ट-गॉन सारखी रूपं घाला.

घरच्या उजळणीसाठी अँकी, हे फ्लॅशकार्डांचं ॲप आहे. हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये विसरण्यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले तेव्हापासून हे माहीत आहे की एकदम घोकण्यापेक्षा अंतर ठेवून केलेली उजळणी जास्त टिकते, आणि अँकी ते अंतर आपोआप सांभाळतं. फक्त कार्डावर नियम लिहू नका, वाक्य लिहा आणि त्यातली एकच जागा झाका. ही कार्डं विद्यार्थ्यांनीच आपल्या चुकलेल्या वाक्यांवरून बनवली तर फारच उत्तम.

आता माझी सगळ्यात आवडती पद्धत सांगते, डिक्टोग्लॉस. एक छोटा परिच्छेद घ्या, पाच-सहा वाक्यांचा, ज्यात तुमचा ग्रामरचा मुद्दा तीन-चारदा आलाय. तो कॉम्प्युटरच्या टेक्स्ट-टू-स्पीचला वाचायला लावा किंवा स्वतः रेकॉर्ड करा. पहिल्यांदा मुलं नुसतं ऐकतील, दुसऱ्यांदा महत्त्वाचे शब्द टिपतील, सगळं उतरवून घ्यायचं नाही, तेवढा वेळच द्यायचा नाही. मग तिघाचौघांच्या गटाने एकाच गूगल डॉकमध्ये तो परिच्छेद पुन्हा उभा करायचा. अर्थ तर आठवतो पण हॅड गॉन होतं का वेन्ट होतं ते आठवत नाही, आणि मग गटात जो वाद होतो, नाही रे, आधी तो गेला आणि नंतर ती आली ना, मग हॅड पाहिजे, हा वाद घडवण्यासाठीच तर सगळा खटाटोप. इथे कॉम्प्युटरचं खरं मोल व्हर्जन हिस्टरीत आहे. कुठलं रूप आधी लिहिलं, कोणी बदललं, परत कधी बदललं, सगळं राहतं, आणि दुसऱ्या दिवशी तेच पडद्यावर दाखवून हे इथे का बदललंत असं विचारता येतं. शेवटी मूळ परिच्छेद शेजारी ठेवून फरक शोधायचे, आणि वेगळं असूनही बरोबर काय आहे तेही सांगायचं. यात काहीजणांना हॅव, हॅज ऐकूच येत नाही, कारण बोलण्यात ते आखडून आय'व्ह, शी'ज होतं, त्यांना यूग्लिशवर पाठवा, तिथे शब्द किंवा वाक्प्रयोग टाकला की तो जिथे बोलला गेलाय तो व्हिडिओचा तुकडा नेमका तिथूनच सुरू होतो.

ग्रामर चेकरचं काय करायचं हा प्रश्न सगळ्यांना पडतो. बंदी घालून उपयोग नाही, मोबाईलच्या कीबोर्डातसुद्धा तो बसलेला आहे. क्रम ठरवून द्या. पहिलं लिखाण चेकर बंद करून, वर्डमध्ये प्रूफिंगच्या सेटिंगमध्ये ते बंद करता येतं. दुसऱ्या वाचनात विद्यार्थ्याने स्वतः फक्त एकाच गोष्टीसाठी वाचायचं, समजा फक्त क्रियापदं. तिसऱ्यांदा चेकर चालू, लँग्वेजटूल घ्या किंवा दुसरा कुठला, आणि त्याने दाखवलेल्या प्रत्येक खुणेपाशी कमेंट लिहायची की मी हे मान्य केलं किंवा नाही केलं, आणि का. कारण लिहिल्याशिवाय क्लिक नाही. शिक्षकाने वहीतल्या चुका दुरुस्त करून दिल्याने फायदा होतो का यावरही मोठा वाद झालेला आहे, १९९६ मध्ये जॉन ट्रस्कॉट यांनी ते सोडूनच द्या असं म्हटलं आणि डेना फेरिस यांनी त्याला विरोध केला. मला वाटतं दुरुस्ती कोण देतो यापेक्षा ती मिळाल्यावर विद्यार्थी पुढे काय करतो हे जास्त मोलाचं आहे, म्हणून ती कमेंट.

चेकरला काय दिसत नाही तेही मुलांना मुद्दाम दाखवा. आय स्टॉप्ड टू टॉक टू हिम आणि आय स्टॉप्ड टॉकिंग टू हिम, दोन्ही वाक्यं ग्रामरला धरून आहेत, अर्थ मात्र अगदी उलट, एकात बोलण्यासाठी थांबलो आणि दुसऱ्यात बोलणंच थांबवलं. तुम्हाला काय म्हणायचं होतं हे चेकरला माहीत नसतं, त्यामुळे तो गप्प बसू शकतो. उलट पॅसिव्ह व्हॉइस दिसला की बरेच चेकर रेघ मारतात, तिथे चूक काहीच नसते, ती त्यांची शैलीची सूचना असते आणि मुलं बिचारी चांगलं वाक्य मोडून टाकतात.

चॅटजीपीटी वगैरे आल्यापासून, म्हणजे २०२२ च्या नोव्हेंबरपासून, आणखी एक गोष्ट हाताशी आलीय आणि ती तुमच्या सांगण्यावर चालते, म्हणून सांगणं नीट लिहा. माझं लिखाण दुरुस्त कर असं लिहिलं तर ते सगळंच चकचकीत करून देतं आणि विद्यार्थ्याचं त्यात काही उरत नाही. त्याऐवजी असं लिहायला शिकवा: मी इंग्रजी शिकतोय, माझी पातळी ए२ (युरोपियन मोजपट्टीवरची खालून दुसरी पायरी) आहे, खालच्या परिच्छेदात फक्त क्रियापदाच्या काळाच्या चुका बघ, बरोबर उत्तर देऊ नकोस, कुठल्या ओळीत चूक आहे एवढंच सांग आणि मला विचार करायला लावेल असा एक प्रश्न विचार, मी दोनदा प्रयत्न केल्यावरच उत्तर दे. शिक्षकासाठी याचा सगळ्यात मोठा उपयोग म्हणजे उदाहरणांचे परिच्छेद, हव्या त्या पातळीचे, हव्या त्या विषयावरचे, डिक्टोग्लॉससाठी तर एकदम तयार. पण प्रत्येक वाक्य वाचा, आणि त्याने दिलेलं कारण जसंच्या तसं घेऊ नका, वाक्य बरोबर आणि त्याचं स्पष्टीकरण चूक असं होतं, आणि ते अशा खात्रीने लिहिलेलं असतं की नवख्याला शंकाच येत नाही. शंका आली की कॉर्पस उघडा. लहान मुलांना थेट वापरायला द्यायच्या आधी त्या टूलची वयाची अट बघून घ्या.

क्विझमध्ये दहापैकी दहा मिळवलेला मुलगा बाहेर जाऊन शी गो टू स्कूल म्हणतो, तेव्हा शिक्षकाचा धीर सुटतो. सुटू देऊ नका. क्रियापदाला लागणारा तो एस नियम म्हणून एका मिनिटात कळतो, पण इंग्रजी शिकणाऱ्यांच्या उत्स्फूर्त बोलण्यात तो उशिरा येतो हे १९७० च्या दशकातल्या अभ्यासांपासून पुन्हा पुन्हा दिसलंय. भाषा-अभ्यासक मानफ्रेड पीनेमान यांनी तर असं मांडलं की शिकणारा ज्या टप्प्याला तयार नाही ते शिकवून त्याच्या बोलण्यात येत नाही. म्हणून क्विझचे मार्क म्हणजे नियम समजल्याची खूण, वापर आल्याची नाही. वापर बघायचा असेल तर दोन-तीन आठवडे जाऊ द्या, वेगळ्याच विषयावर मोकळं लिहायला द्या, टेन्सचा शब्दही काढू नका, आणि मग त्या नव्या फाईल्सवर तोच सर्च करा. चुका कमी झाल्यात का हे बघाच, पण मुलांनी ते रूप वापरायचा प्रयत्न वाढलाय का हेही मोजा. प्रयत्न वाढला आणि चुकाही थोड्या वाढल्या तरी ती प्रगतीच आहे.

वर्गात एकच कॉम्प्युटर असेल तरी यातलं बहुतेक सगळं जमतं. कॉर्पसच्या ओळी कागदावर छापून देता येतात, आणि खरं तर पहिल्या काही वेळा कागदच बरा, पेनाने गोल करता येतात, बाण काढता येतात. डिक्टोग्लॉसला एक स्पीकर पुरतो. इंटरनेट जात-येत असेल तर अँटकाँक आणि अँकी एकदा टाकले की ऑफलाइन चालतात, हॉट पोटॅटोजचे व्यायामही साध्या वेब फाईल म्हणून सेव्ह होतात, त्या पेनड्राइव्हवरून कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडतात. आणि स्क्रीनवर क्रियापदं रंगवून दाखवणार असाल तर नुसत्या लाल-हिरव्यावर भिस्त ठेवू नका, अधोरेखित पण करा, काहींना ते दोन रंग वेगळे दिसत नाहीत आणि ते सांगतही नाहीत.